काय खाऊ नको, हे सांगणं सोपं असतं

(धुळ्यात बारावी विज्ञानच्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रामराम मंडळी.

छातीविकारात एम.डी. करून मी नुकताच दवाखाना टाकला होता. नंदुरबारकडून एक बाई आली. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जायची. दिवाळीनंतर खोकला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. नाकाडोळ्यांतून पाणी, छातीत आग. मी दहा मिनिटांत सांगून टाकलं : मिरचीची ॲलर्जी आहे, काम सोडा.

तिनं सोडलं. पुढच्या हंगामात ती पुन्हा आली, या वेळी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन. आईची मजुरी बुडाली म्हणून मुलगी शाळा सोडून पथारीवर जात होती, आणि आता तिलाही तोच खोकला. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, की तिथल्या बाकीच्या बायांना त्रास होतो का? ती म्हणाली, “सगळ्यांनाच होतो की.”

सगळ्यांनाच होतो, म्हणजे ती ॲलर्जी नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट मज्जातंतूंवर काम करतं. उष्णतेची आणि जळजळीची जाणीव करून देणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तिथं असतो, त्याला ते चिकटतं. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. तो ग्राहक तुमच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. पुरेशी धूळ गेली की कुणीही खोकणार. त्यावर उपाय होते : वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, नाकातोंडावर दुहेरी रुमाल, ढीग उलथताना बाजूला व्हायचं. बाई कामावर परत गेली. मुलीची शाळा मात्र सुटली ती सुटलीच. ते ओझं माझ्याकडे आहे, आणि म्हणूनच मी पुढे हा विषय नीट शिकायला बाहेर पडलो.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं १९०६ साली घडवला. अर्थ साधा : शरीराची बदललेली प्रतिक्रिया. दहा जण ज्या धुळीत मजेत राहतात, तिथं अकराव्याचं शरीर त्या धुळीला शत्रू समजून उठतं. हे रक्तातल्या कशामुळे होतं? १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथं गांध उठली. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या अंगावर आली! रक्तात काहीतरी आहे हे पक्कं झालं, पण ते सापडायला १९६६ उजाडलं. इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत ते प्रतिद्रव्य ओळखलं, तेच आयजीई. आमचं निम्मं काम या आयजीईभोवती फिरतं. उरलेलं निम्मं, हे प्रकरण आयजीईचं नाहीच, हे ओळखण्यात जातं.

आता चोपडा तालुक्यातल्या एका मुलाचं सांगतो. नऊ वर्षांचा, वजन अठरा किलो, रात्री शिंका आणि दम. बरोबर वडील आणि आजी. वडिलांच्या हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात रक्ततपासणीचा लांबलचक रिपोर्ट. ज्या ज्या पदार्थापुढे लाल आकडा, तो घरात बंद : दूध, गहू, तुरीची डाळ, शेंगदाणे, वांगं आणि केळी. दोन वर्षं पोरगा भात-बटाट्यावर होता. वडिलांची केळीची साडेतीन हजार खोडं. आजी म्हणाली, “घरमा इतला माल शे, नि मना नातूले एक बी खावाले नई.”

तो रिपोर्ट आयजीईचा नव्हे, आयजीजी या दुसऱ्याच प्रतिद्रव्याचा होता. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढंच. त्यावरून ॲलर्जी ठरवता येत नाही. तरी असे रिपोर्ट विकले जातात, हजारो रुपये घेऊन, आणि लेकरं वाळतात. याचा मला मनापासून राग येतो.

मी फाइल बाजूला ठेवली आणि विचारायला लागलो. शिंका कधी? रात्री आणि पहाटे. कोणत्या महिन्यात? मार्चअखेरीपासून पावसापर्यंत. झोपतो कुठे? कूलरपुढे. कूलरचं गवत कधी बदललं? वडील गप्प झाले. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, कूलरशिवाय झोप नाही. पण गेल्या वर्षीचं तेच गवत माळ्यावरून काढून लावलं, की पहिल्या दिवशी कुबट वास येतो. तो वास बुरशीचा. केळं सकाळी खाल्लं आणि दम रात्री दोनला लागला, असं खाण्याच्या ॲलर्जीत सहसा होत नाही. ती काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते, आणि पदार्थ खाल्ला की जवळपास दर वेळी दिसते.

मग त्वचाचाचणी केली. हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेननं आकडे लिहायचे. प्रत्येकापुढे अर्काचा एक थेंब, थेंबातून सुईच्या टोकाचा हलका स्पर्श. रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो उठता कामा नये. एक हिस्टामीनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाचा, तो उठलाच पाहिजे, नाहीतर चाचणीच खोटी. पंधरा मिनिटं पोरानं हात तसाच धरून ठेवला. बुरशीपुढे आणि गादीतल्या धूळकिड्यांपुढे गांध आली. केळ्यापुढे काही नाही.

तरीही ‘जा, घरी खा’ असं सांगायचं नसतं. दुसऱ्या आठवड्यात त्याला दवाखान्यात बोलावलं. काही बिनसलंच तर म्हणून शेजारी ॲड्रेनालिनची सिरिंज तयार. नखाएवढा तुकडा, वीस मिनिटं थांब. मग दोन नखांएवढा. मग पाव केळं, अर्धं, पूर्ण. त्यानंतर दोन तास बसवून ठेवलं. शेवटच्या घासाला आजीनं डोळ्यांना पदर लावला. एकेक पदार्थ असाच तपासत सगळे परत सुरू केले, कूलरचं गवत बदललं, गादीला ऊन दाखवलं, नाकात मारायचा फवारा दिला. काय खाऊ नको हे कुणीही सांगू शकतं. खा म्हणायला शिकावं लागतं.

खऱ्या खाण्याच्या ॲलर्जीही असतात, काही जिवावर बेततात. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम, चक्कर हे एकदम सुरू झालं तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. गोळी देऊन वाट बघण्यात माणसं जातात.

आपल्या भागात या शास्त्राला कामच काम आहे. गाजरगवत घ्या. बांधावर तण काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची खोबण जाड आणि काळी पडते. उन्हानं झालं म्हणून वर्षं निघून जातात. ती पेशींची ॲलर्जी आहे, थेंबाच्या चाचणीत दिसत नाही. तिला पाठीवर पट्टी लावून अठ्ठेचाळीस तासांनी आणि पुन्हा नंतर बघावं लागतं. कापसाची धूळ तर आणखी वेगळी : सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरेल तशी सुटते. कामगारानं ‘सोमवारी होतं’ एवढं सांगितलं की निदान निम्मं झालं.

आता मुलांनो, रस्ता. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. मग मेडिसीन, बालरोग, छातीविकार, त्वचा किंवा कान-नाक-घसा यात तीन वर्षं. त्यातल्या मेडिसीन किंवा बालरोगवाल्यांना त्यापुढे क्लिनिकल इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, डी.एम. ही वरची पदवी करता येते, लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी. जागा थोड्या. त्यामुळे पुष्कळ जण आपापल्या एम.डी.नंतर ॲलर्जीचा छोटा अभ्यासक्रम करून काम करतात. मीही तसाच. पैसा सर्जनइतका नाही. ॲलर्जीची लस तीन ते पाच वर्षं चालते, पेशंट मध्येच सोडून जातात, तेव्हा वाईट वाटतं. एका पेशंटला पाऊण तास देण्याची तयारी नसेल तर या वाटेला येऊ नका.

परवा एका मुलीनं विचारलं, आत्तापासून काय करता येईल? पुस्तकं आहेतच. पण दिवाळीनंतर नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची पसरेल, मी दरवर्षी एक रविवार तिथं जातो. ज्यांना यायचं त्यांनी नावं देऊन ठेवा. पहाटे पाचला निघू, ऊन तापायच्या आत पोचलं पाहिजे. रुमाल दोन आणा.