कंदिलाच्या उजेडातले रहस्यपट

श्रोतेहो, नमस्कार. रहस्यपटांवर माझा जीव जडला तो आमच्या गावच्या जत्रेत. हिंगणघाटकडचे आमचे गाव कापसाचे. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला की आम्ही मुले घरून पोते नेऊन पडद्यासमोर जागा धरत असू. तेथेच मी राजा परांजपे यांचा १९६४ सालचा 'पाठलाग' पाहिला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या माणसापुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री उभी राहते आणि मीच तुमची बायको, असे सांगते. त्या रात्री पुढे कंदील घेऊन चाललेल्या आईचा चेहराही मला क्षणभर अनोळखी वाटला होता.

पुढे कळले की अशा काळोख्या चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव आहे आणि ते १९४६ साली नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने अमेरिकन गुन्हेपटांना दिले. गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्यांत नेहमीच मोठा असतो असे नाही. बिली वाइल्डर यांच्या १९४४ सालच्या 'डबल इन्डेम्निटी'त तर विम्याचा एजंट सुरुवातीलाच खुनाची कबुली देतो, आणि तरीही आपण शेवटपर्यंत श्वास रोखून बसतो.

या चित्रपटातली एक गोष्ट मला फार जवळची आहे. दुपारचे ऊन खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून बैठकीत येते, माणसांच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात आणि त्या उन्हात धुळीचे कण तरंगताना दिसतात. छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी त्यासाठी हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली होती. आमच्याकडे जिनिंगच्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली की तीत रुईचे तंतू असेच तरंगतात, त्यामुळे त्या घरातली कोंदट हवा मला थेट नाकाशी जाणवते. गुरुदत्त यांच्या १९५१ सालच्या 'बाजी'तही मला हा काळोख भेटला, पण माझे मन सर्वांत जास्त रमते ते कॅरल रीड यांच्या १९४९ सालच्या 'द थर्ड मॅन'मध्ये.

युद्धात उद्ध्वस्त झालेले व्हिएन्ना, रात्रीची वेळ. एका दाराच्या अंधारात कोणीतरी उभे आहे. दिसतात ते फक्त बूट, आणि त्यांच्याशी बसलेले मांजर. वरच्या मजल्यावर दिवा लागतो, उजेडाचा पट्टा खाली पडतो आणि ज्याचे दफन आपण आरंभीच पाहिले, त्या माणसाचा चेहरा समोर येतो. ऑर्सन वेल्स किंचित हसतात. छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्कर यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, ते मला या एका क्षणासाठीही योग्यच वाटते. मग दिवा विझतो, चेहरा अंधारात जातो, आणि ओल्या रस्त्यावर दूर पळणाऱ्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो.