पाव किलोचं पिस्तूल

(दृश्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा. त्यावर काळं, चपटं पिस्तूल. आकडा थांबतो.)

272 ग्रॅम. पाव किलो शेंगदाण्यांपेक्षा जेमतेम चिमूटभर जास्त, तेही मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, रिकामं असताना. लांबी 13 सेंटिमीटर, जाडी दोन सेंटिमीटरच्या किंचित वर. तळहात मिटला की बाहेर फक्त नळीचं टोक दिसतं. रुगर कंपनीचं हे एलसीपी 2008 मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्याची छापील किंमत 330 डॉलर होती.

अमेरिकेत पहिल्यांदा पिस्तूल घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक असंच काहीतरी असतं. खिशात मावेल, शर्टाखाली दिसणार नाही, फार महाग पडणार नाही. काचेच्या कपाटापलीकडचा विक्रेता हे ऐकून मान डोलावतो. दिवसातून दहा वेळा ऐकतो तो. ‘लहान आणि स्वस्त’ या दोन शब्दांना त्या देशात दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात रक्तही बरंच सांडलंय, हे मात्र गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

म्हणून आपणही दुकानाआधी थोडं मागे जाऊ.

(दृश्य: वॉशिंग्टन, फोर्ड्स थिएटर. संग्रहालयातली काचपेटी.)

फिलाडेल्फियाचा बंदूक कारागीर हेन्री डेरिंजर. त्याने बनवलेलं हे पिस्तूल जेमतेम सहा इंच लांब आहे आणि गोळी एकच. 14 एप्रिल 1865 च्या रात्री जॉन विल्क्स बूथ ते खिशात घालून याच थिएटरात शिरला आणि त्याने अब्राहम लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी झाडली. शेजारी बसलेला मेजर रॅथबोन अंगावर आला, तेव्हा बूथला सुरा काढावा लागला. पिस्तूल रिकामं झालं होतं. पिस्तूल लहान असण्याची किंमत तेव्हाही मोजावीच लागायची. डेरिंजरच्या नावात मात्र पुढे लोकांनी एक ‘आर’ जास्तीचा घुसवला आणि खिशातल्या कुठल्याही पिस्तुलाला ते नाव चिकटलं.

त्या काळी शस्त्र लपवणं हेच लबाडीचं मानत. कमरेला उघडं लटकवा, कुणाची हरकत नाही. कोटाखाली दडवलंत की मनात काहीतरी काळंबेरं आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 मध्येच लपवून शस्त्र बाळगायला बंदी घातली. आज नेमकं उलटं झालंय. उघडं पिस्तूल लावून किराणा घ्यायला आलेल्या माणसाकडे लोक वळून वळून पाहतात, आणि लपवून बाळगणारा सभ्य समजला जातो. 2024 अखेर 29 राज्यांत प्रौढ माणसाला त्यासाठी परवानाही लागत नव्हता. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ‘तुम्हाला खास गरज काय?’ असं विचारलं जायचं. 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्नच घटनाबाह्य ठरवला.

हा उलटा प्रवास कसा झाला, याचं एक उत्तर टेक्ससमधल्या किलीन गावात मिळतं. 16 ऑक्टोबर 1991. लुबीज नावाच्या खानावळीत दुपारच्या जेवणाची गर्दी. एका माणसाने ट्रक थेट काच फोडून आत घातला आणि गोळीबार सुरू केला. 23 माणसं मेली. सुझाना हप ही तरुणी आईवडिलांसोबत जेवायला आली होती. तिचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि तिला आठवलं, रिव्हॉल्व्हर गाडीत आहे. टेक्ससच्या तेव्हाच्या कायद्याला भिऊन तिने ते पर्समधून काढून गाडीत ठेवलं होतं. वडील हल्लेखोरावर धावून गेले, ते मारले गेले. आई त्यांच्याजवळून हलली नाही, तीही गेली. सुझाना पुढे गावोगावी साक्षी देत फिरली. 1995 मध्ये टेक्ससने लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी ती स्वतः विधिमंडळात निवडून आली. पिस्तूल हाताशी असतं तर निकाल बदलला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण ‘जवळ नसलेल्या मोठ्या बंदुकीपेक्षा जवळ असलेली छोटी बरी’ हे जे दुकानादुकानांत ऐकू येतं, त्यामागे असल्या दुपारी आहेत.

(दृश्य: दुकान. काचेखाली ओळीने मांडलेली पिस्तुलं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी.)

आता दुकान. एका कोपऱ्यात पाच गोळ्यांची बुटकी रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनने असली पहिली चीफ्स स्पेशल 1950 मध्ये आणली, आणि साध्या वेशातल्या पोलिसांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर निघाल्या. तिच्या काही बहिणींना बाहेर घोडाच, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा खटका, नाही; खिशातून काढताना अस्तरात अडकू नये म्हणून तो आत झाकलाय. शेजारी एलसीपीसारखी, .380 नावाच्या काडतुसाची चपटी पिस्तुलं. त्यापलीकडे 2018 साली आलेलं सिग सावरचं पी-365. वजन साधारण अर्धा किलो, जाडी इंचभर, आणि मॅगझिनमध्ये दहा नऊ-एमएमची काडतुसं. एवढ्याशा मुठीत दहा गोळ्या बसवल्यावर बाकीच्या कंपन्यांची झोप उडाली आणि दोन-तीन वर्षांत प्रत्येकीने आपापलं तसलं काढलं.

विक्रेता एलसीपी हातात देतो. पहिली गोष्ट कळते ती करंगळीची: तिला जागाच नाही. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत लोंबते. दुसरी गोष्ट, नेम धरायची माशी. धातूचा जेमतेम उंचवटा. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला तो दिसला तर नशीब. चाप लांबच लांब ओढावा लागतो. आणि अजून गोळी झाडलेलीच नाही.

गोळी झाडली की न्यूटन येतो. काडतूस तेच, पण पिस्तुलाचं वजन निम्मं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट. याच .380 काडतुसाचं दुसरं एक पिस्तूल आहे, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. वजन सव्वापाचशे ग्रॅम, एलसीपीच्या जवळजवळ दुप्पट. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढायला हलकी, मूठ भरून हातात बसते. सांधे दुखणाऱ्या, मनगटात जोर नसलेल्या लोकांसाठीच काढलेलं. नवऱ्याने बायकोला ‘छोटंसं, गोड’ म्हणून एलसीपी घेऊन द्यायचं आणि तिने दुसऱ्याच मॅगझिनला तळहात चोळत ते खाली ठेवायचं, हा प्रकार सरावाच्या मैदानांवर नेहमीचा आहे. छोटं पिस्तूल नवशिक्यासाठी असतं हा या बाजारातला सर्वांत मोठा गैरसमज. ते खरं तर मुरलेल्या हाताचं हत्यार आहे. बाळगायला सर्वांत सोपं, चालवायला सर्वांत अवघड.

शहाणा विक्रेता म्हणूनच आधी भाड्याने चालवून बघा म्हणतो. बऱ्याच मैदानांवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. पन्नास काडतुसांचा एक खोका सलग संपवता आला, तर पुढचं बोलणं. आणि खर्चाचा हिशेबही तिथेच कळतो. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतुसं आयुष्यभर; .380 ची नऊ-एमएमपेक्षा बहुधा महागच पडतात. चाप झाकणारं नीट होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, हवंच, आणि त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ल्या नाहीत, सुटे पैसे नाहीत.

(दृश्य: पितळी काडतूस, अगदी जवळून. बुडावरचा कोरीव आकडा.)

हे .380 काडतूस जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालं, 1908 मध्ये. इटलीत त्याला ‘छोटं नऊ-एमएम’ म्हणायचे. मराठी माणसाला ते अगदीच परकं नाही. 30 जानेवारी 1948 रोजी नथुराम गोडसेच्या हातात जे बेरेटा होतं, त्यात हीच काडतुसं होती. तेही खिशातच मावलं होतं.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे येऊ.

1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, अमेरिकेने बंदुकांचा नवा कायदा केला. बाहेरून येणारी स्वस्त, फुटकळ पिस्तुलं रोखायची होती. ‘सॅटरडे नाइट स्पेशल’ म्हणत त्यांना. आयातीसाठी लांबी, उंची, वजन यांना गुण ठरले. त्यात चांगलं जर्मन वॉल्थर पीपीकेसुद्धा उंचीत थोडक्यात नापास झालं! कंपनीने त्याचा वरचा भाग मोठ्या भावाच्या सांगाड्यावर बसवला, नावापुढे एक ‘एस’ लावला आणि माल पुन्हा सुरू केला. पण अटी होत्या फक्त आयातीला. देशात काय बनवायचं यावर बंधन नव्हतं.

1970 मध्ये जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिराने लॉस एंजेलिसजवळ रेव्हन नावाचं, .25 काडतुसाचं पिस्तूल काढलं. सांगाडा पोलादाचा नव्हे, जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला; कुलपं-नळ आणि खेळण्यातल्या गाड्या ओततात तसा. पुढे त्याच्या घरातल्यांनी आणि ओळखीच्यांनी शहराभोवती असेच कारखाने उघडले. संशोधकांनी त्यांना नाव दिलं, ‘रिंग ऑफ फायर’.

त्यातलाच एक ब्रायको. 1994 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका घरात कुटुंबाच्या ओळखीचा एक तरुण ब्रायकोचं .380 पिस्तूल रिकामं करायला गेला. हेतू चांगलाच होता. पण त्या पिस्तुलाची रचना अशी, की आतलं काडतूस काढायला स्लाइड मागे घ्यायची, तर आधी सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका, उघडावी लागायची. त्याने ती उघडली. गोळी सुटली आणि समोरच्या सात वर्षांच्या मुलाच्या हनुवटीतून मानेत गेली. मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला.

2003 मध्ये ज्युरींनी कारखाना आणि मालकाच्या वाट्याला सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरची भरपाई लावली. कंपनीने दिवाळं काढलं. 2004 मध्ये कारखान्याचा लिलाव निघाला, तेव्हा व्हीलचेअरवरच्या त्या मुलाने स्वतः बोली लावली. विकत घेऊन सगळं वितळवून टाकायचं होतं त्याला. कारखाना गेला 5 लाख 10 हजार डॉलरला, त्याच्या बोलीपेक्षा थोडक्या रकमेने, कंपनीच्याच जुन्या फोरमनकडे. पिस्तुलं पुन्हा बनू लागली, दुसऱ्या नावाने.

स्वस्ताईत नेमकी कशाची काटछाट केलीय, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. नावाजलेल्या कंपन्याही चुकतात. एलसीपीच्या पहिल्याच वर्षी सुरुवातीची पिस्तुलं परत बोलवावी लागली होती, कारण गोळी भरलेली असताना खाली पडलं तर ते सुटण्याची भीती होती. फरक असा की परत बोलवायला तिथे कुणीतरी होतं. जुनं घेताना अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा, असं जाणकार म्हणतात ते त्यामुळेच.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम. एच-वन व्हिसावर असाल तर बंदूक विकत घेणंच काय, जवळ ठेवणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. मित्राचं पिस्तूल मैदानावर ‘जरा बघू’ म्हणून हातात घेण्याआधी हे ठाऊक असावं.

आणि भारतात? जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ आणलं. बत्तीस बोअरचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, स्त्रियांच्या पर्ससाठी म्हणून. किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास दोन हजार डॉलर. त्यातही आधी परवाना, आणि परवान्याआधी ‘तुम्हाला कशाला हवंय?’ हा प्रश्न. जिच्यासाठी काढलं म्हणत होते, ती रात्रीच्या शेवटच्या बसने घरी जाते. तिचा पगार किती, हे कानपुरात कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे.

(दृश्य: पुन्हा दुकान. संध्याकाळ.)

आमच्यासमोरच्या गिऱ्हाइकाने शेवटी एलसीपी ठेवून दिलं आणि दुप्पट वजनाचं घेतलं. फॉर्म भरला. एफबीआयकडची तपासणी काही मिनिटांत आटोपली. विक्रेत्याने खोक्यात पिस्तूल ठेवलं, दोन मॅगझिन ठेवली आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीतलं एक लांब तारेचं कुलूप. पिस्तुलासोबत असं काहीतरी द्यायचंच, असा 2005 पासून केंद्रीय कायदा आहे. घरी गेल्यावर ते लावायचं, असं तो कायदा कुठेच म्हणत नाही.

गिऱ्हाइकाने पिशवी बाजूला सारली आणि विचारलं, याच्या मापाचं होल्स्टर कुठे मिळेल?