रुळांचे पैसे कोण भरतो?

नमस्कार श्रोतेहो.

महानगर वाढू लागले की आधी माणसे येतात, मग इमारती उभ्या राहतात आणि रेल्वे येते ती सर्वांत शेवटी, तीही बहुतेक वेळा कर्जाऊ पैशांनी. आजच्या भाषणात मला एवढेच मांडायचे आहे की हा क्रम उलटा करता येतो आणि तो उलटा करण्यासाठी लागणारा पैसा त्याच परिसरातल्या जमिनीत असतो. रेल्वे आली की जमिनीचा भाव वाढतो, आणि त्या वाढलेल्या भावातूनच रेल्वेचा खर्च निघाला पाहिजे.

हे नुसते पुस्तकी तत्त्व नाही, कारण आपल्याकडे, खाडीच्या पलीकडे, नवी मुंबईत, ते बऱ्याच अंशी अमलात आले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यात असे सुचवले की मुंबई उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी तिने पूर्वेकडे खाडी ओलांडावी. त्या विचारातून १९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको या शासकीय संस्थेची स्थापना झाली. राज्य शासनाचा कारभारही तिकडे हलावा अशी मूळ कल्पना होती. मंत्रालय मात्र जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटवर समुद्र बुजवून मनोरे उभे राहत गेले. माझे स्पष्ट मत असे आहे की मंत्रालय त्या वेळी बेलापूरला गेले असते, तर खाडीवरची रेल्वे किमान दहा वर्षे आधी झाली असती, कारण सचिवांना बसच्या रांगेत उभे राहावे लागले असते. असो.

मानखुर्द ते वाशी ही गाडी ९ मे १९९२ रोजी सुरू झाली. पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोहोचली आणि १९९८ साली पनवेलला. या मार्गाच्या खर्चाची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे : ६७ टक्के सिडकोचे आणि ३३ टक्के रेल्वेचे. पुन्हा सांगतो, दोन वाटे सिडकोचे आणि एक वाटा रेल्वेचा. देशातल्या रेल्वेमार्गांचा खर्च केंद्राने करायचा ही सर्वसाधारण रीत असताना, येथे मोठा वाटा शहर वसवणाऱ्या संस्थेने उचलला. तिने तो भूखंड विकून, स्थानकांच्या डोक्यावर कचेऱ्या आणि दुकाने बांधून उभा केला, आणि उरलेली वसुली प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार लावून केली.

हा अधिभार म्हटला की मला आमचे अण्णा आठवतात, आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

अण्णा आमच्या शेजारचे. कापड गिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, आणि रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी सिडकोच्या वसाहतीत घर घेऊन राहिलेले. त्या काळी मुंबईला जायचे म्हणजे खाडीपुलावरून बसने जायचे, आणि पावसाळ्यात पुलावर वाहने अडकली की तासन्‌तास बसमध्येच बसून राहायचे. त्यामुळे गाडी सुरू झाली तेव्हा अण्णांना झालेला आनंद मी पाहिलेला आहे. वाशीला गाडी येऊन चार-पाच वर्षे झाली असतील, तेव्हा एकदा मी त्यांच्याबरोबर दादरला निघालो. अण्णांनी खिडकीत पैसे सारले, तिकीट घेतले आणि गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवून ते खिडकीसमोरच वाचत उभे राहिले.

“तेवढ्याच अंतराला मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर याहून कमी भाडं पडतं,” ते आत वाकून म्हणाले. “इथे जास्त का?”

खिडकीतला तरुण कारकून शांत होता. तो म्हणाला, “काका, तो अधिभार आहे. खाडीवर पूल बांधला, रूळ टाकले, त्याचे पैसे वसूल व्हायचेत.”

“कोणाचे पैसे?”

“सिडकोचे.”

“आणि सिडकोकडे ते कुठून आले?”

आता रांगेत चुळबूळ सुरू झाली. मागून कोणी तरी ओरडले, “अहो काका, गाडी सुटेल, हिशेब घरी जाऊन करा!” कारकुनाने सुटे पैसे पुढे सरकवले आणि हसून म्हणाला, “ते मी या खिडकीत बसून कसं सांगणार?”

अण्णांनी रांग सोडली, पण प्रश्न सोडला नाही. दुपारची गाडी होती, बसायला जागा मिळाली. अण्णांनी पिशवीतून विजेचे जुने बिल काढले, ते गुडघ्यावर पाठमोरे धरले आणि पेन्सिलीने एक यादी लिहायला सुरुवात केली. शीर्षक लिहिले, ‘रूळ कोणाच्या पैशांचे’. त्याखाली पहिले नाव स्वतःचे, कारण घराचे हप्ते त्यांनी सिडकोलाच फेडले होते आणि त्या हप्त्यांतला काही भाग या रुळांत गेला असणार असा त्यांचा तर्क होता. दुसरे नाव तिकीट काढणाऱ्याचे, म्हणजे पुन्हा स्वतःचेच. तिसरे स्थानकावरच्या गाळेवाल्यांचे. चौथे केंद्र सरकारचे, आणि त्यापुढे कंसात ‘म्हणजे देशातले सगळे करदाते’. गाडी खाडीच्या पुलावर आली आणि चाकांचा आवाज बदलला, तेव्हा अण्णा आपल्याच नावाखाली दुसऱ्यांदा रेघ ओढत होते.

समोरच्या बाकावर नेरूळपासून बसून आलेले एक वयस्कर गृहस्थ हे सगळे ऐकत होते. अंगावर पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर झाकलेली टोपली. ते करावे गावचे होते, हे पुढे बोलण्यात कळले. ते पुढे झुकले आणि बिलावर बोट ठेवून म्हणाले, “पयला नाव आमचा लिवा.”

अण्णांनी मान वर केली.

मग त्या गृहस्थांनी सांगितले ते असे. त्यांची भातशेती संपादनात गेली. शासनाने तिचा जो मोबदला दिला तो मातीचा होता. त्या मातीवर पुढे जे स्थानक आले, त्याचा नव्हता. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण निघाले. गृहस्थ हे सगळे आवाज न चढवता सांगत होते. त्यांचा भूखंड त्या दिवसापर्यंत त्यांच्या हाती आलेला नव्हता.

अण्णांनी खोडरबराने यादीतला पहिला आकडा पुसला, सगळी नावे एकेक घर खाली ढकलली आणि वरती लिहिले, ‘ज्यांची जमीन गेली ते’. मग त्यांनी बिलावर दुसरा रकाना पाडला, ‘फायदा कोणाला’. येथे त्यांची हिशेबनिसाची नजर कामाला आली. आमच्या ओळखीच्या एका माणसाने गाडी येण्याआधी वाशीत दोन सदनिका घेऊन ठेवल्या होत्या. त्याने तेथे कधी मुक्काम केला नाही, एकही तिकीट काढले नाही, आणि गाडी सुरू झाल्यावर दोन्ही विकल्या. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतर शुल्क तेवढे भरले. बाकी वाढलेला भाव त्याच्या खिशात गेला. अण्णांनी त्याचे नाव फायद्याच्या रकान्यात सर्वांत वर लिहिले, आणि पैसे भरणाऱ्यांच्या रकान्यात शोधले, तर ते कोठेच नव्हते. मानखुर्द आले, तरी तिघेही त्या कागदावर वाकलेले होते. शेवटी करावेकर म्हणाले की तुम्ही रोज जाता-येता म्हणून तुमच्याकडून घेणे त्यांना सोपे पडते, आणि अण्णांनी तेही खाली लिहून घेतले.

अण्णांच्या गोष्टीत आपला बराच वेळ गेला, पण जे सांगायचे ते तिच्यातच येऊन गेले. रेल्वेमुळे ज्याचा सर्वांत अधिक फायदा होतो, त्याच्याकडून सर्वांत कमी वसूल होते. पुन्हा एकदा सांगतो, सर्वांत अधिक फायदा, सर्वांत कमी वसुली. तिकिटावरचा अधिभार सोपा असतो, कारण प्रवासी रोज खिडकीशी येतो. जमिनीच्या भावातला वाटा कठीण असतो, कारण तो वर्षानुवर्षांतून एकदा, खरेदीखताच्या वेळीच दिसतो.

आणि तिकिटातून होणाऱ्या वसुलीलाही एक मर्यादा आहे. जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली, तेव्हा मुंबईकरांचा संताप पाहून उपनगरी दुसऱ्या वर्गाला ८० किलोमीटरपर्यंत त्यातून काही दिवसांतच वगळावे लागले. मी स्वतः दुसऱ्या वर्गाचे भाडे कमी ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण वसई किंवा बदलापूरहून कामाला येणाऱ्या बाईच्या पासात आपण रुळांची गुंतवणूक भरून काढू लागलो, तर ती बाई कामाला येणार नाही. परंतु मग तो पैसा दुसरीकडून आणण्याची सोयही आपणच केली पाहिजे.

मुंबईच्या जुन्या मार्गांसाठी १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात ५१ टक्के भाग रेल्वेचा आणि ४९ टक्के महाराष्ट्र शासनाचा. त्याच्या मार्फत चालणाऱ्या एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या कामांचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे, आणि त्यासाठी जागतिक बँकेचे व पुढे आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचे कर्जही घेतले गेले. या व्यवस्थेने नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या आणि नव्या मार्गिका पडल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१९ साली मंजूर झालेल्या तीन-अ टप्प्याचाच अंदाज ३३,६९० कोटी रुपयांचा होता, आणि राज्याचा निम्मा वाटा दरवर्षीच्या अर्थसंकल्पात इतर शंभर गरजांशी झगडून मिळवायचा असेल, तर कामे रेंगाळणारच.

रेंगाळणे म्हणजे काय, हे उरणकरांना विचारावे. नेरूळ-बेलापूर ते उरण हा सुमारे २७ किलोमीटरचा मार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस मंजूर झाला. खारकोपरपर्यंत गाडी धावली ११ नोव्हेंबर २०१८ रोजी, आणि उरणला पोहोचली १२ जानेवारी २०२४ रोजी. येथेही मोठा वाटा सिडकोचाच होता. म्हणजे केवळ पैशांची तजवीज असून भागत नाही, जमीन, कांदळवने आणि परवानग्या यांची कामे रुळांच्या आधी संपवावी लागतात. मधल्या काळात याच मार्गावरच्या उलव्यात इमारती उभ्या राहिल्या, घरे विकली गेली आणि माणसे तेथे रिक्षा आणि बस यांवर दिवस काढत राहिली.

आता राज्यात मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का जादा भरावा लागतो, त्याला बोलीभाषेत मेट्रो उपकर म्हणतात. जमिनीच्या व्यवहारातून वाहतुकीसाठी पैसा उभा करण्याचे हे तत्त्व योग्य आहे. अण्णांच्या यादीत जे नाव सापडत नव्हते, ते येथे सापडते. माझे म्हणणे एवढेच की त्यातला ठरावीक वाटा उपनगरी रेल्वेलाही मिळावा, आणि तो वेगळ्या खात्यात राहावा, म्हणजे वर्षअखेरीस तो दुसऱ्या कामाकडे वळणार नाही. कर्जत, कसारा किंवा विरारहून येणाऱ्यांचा भार मेट्रो उचलू शकत नाही. तो लोकलच उचलते.

याची कसोटी पनवेल-कर्जत मार्गावर लागेल. सुमारे ३० किलोमीटरचा हा मार्ग एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यातला. चिखले, मोहपे आणि चौक ही त्यावरची स्थानके. चौकच्या आसपास भूखंड विकणाऱ्यांच्या जाहिरातींत रेल्वे स्थानकाचे अंतर ठळक अक्षरांत छापलेले असते, म्हणजे भाववाढीचा हिशेब विकणाऱ्याने केलेला आहेच. शासनाने तो हिशेब त्याच्यानंतर का करावा? पनवेल परिसरातल्या नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्रात नगररचना योजनांमधून जमीनमालकाने ६० टक्के जागा द्यायची आणि ४० टक्के विकसित भूखंड परत घ्यायचा, अशी रीत स्वीकारली आहे. तशाच योजना या तीन स्थानकांभोवती आधी आखाव्यात, शेतकऱ्याचा भूखंड पहिल्याच वर्षी त्याच्या ताब्यात द्यावा, आणि उरलेल्या जागेच्या विक्रीतला हिस्सा थेट रेल्वेच्या खात्यात जमा व्हावा. स्थानकाभोवतीची जमीन एकदा तुकड्यातुकड्यांनी विकली गेली की हे काहीच करता येणार नाही, म्हणून हा निर्णय या वर्षीच्या अर्थसंकल्पाआधी झाला पाहिजे.

नमस्कार.