शाल नको, ड्युटी द्या

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाशकात क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन कसं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मांडव, समई, वाट बघायला लावणारे पाहुणे आणि मध्येच एखाद्या दिव्यांग खेळाडूला शाल-श्रीफळ. टाळ्या कडाडतात, दोघं जण त्याला धरून खाली उतरवतात आणि विषय संपतो. मला विचाराल तर त्याच्या गळ्यात हाराऐवजी स्वयंसेवकाचं ओळखपत्र घाला.

लंडनमध्ये 2012 साली पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं. त्या सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक, जेनी सीली, स्वतः कर्णबधिर. सोहळ्यात उतरलेल्या स्वयंसेवकांतही अनेक अपंग होते. म्हणजे सोहळा बसवणारेही तेच आणि तो पार पाडणारेही तेच.

आता आपल्या नाशकातलं गोल्फ क्लबचं मैदान डोळ्यांसमोर आणा. स्पीकर दणाणतोय, शेजारच्याचं बोलणं कळत नाही, संचलनातली पथकं खोळंबलीत आणि बिचारा संयोजक घसा फोडतोय. अशा वेळी दोन कर्णबधिर मुलं मैदानाच्या दोन टोकांना उभी करा. ती खुणांनी सहज बोलतील. चौकशीच्या फोनवर दृष्टिहीन मुलगी बसवा, नावनोंदणीच्या टेबलाशी व्हीलचेअरवरचा माणूस. आणि पदकांचं तबक? ते मांडीवर ठेवून न्यायला कोणाची हरकत असावी?

अडतं ते पायऱ्यांपाशी. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. तीन फुटी मंचाला छत्तीस फूट झाले! मांडववाला दोन फळ्या टाकतो आणि मोकळा होतो. त्या फळीवरून व्हीलचेअर ढकलून बघा, मागे उलटायची भीती वाटते.

त्याहून अवघड गोष्ट कोणी बोलत नाही, ती स्वच्छतागृहाची. सोहळा तासाभराचा असला तरी रंगीत तालीम दिवसभर चालते. दारातून खुर्ची आत जात नाही, म्हणून मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. खेळात दिव्यांगांना सहभाग मिळावा, असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पण तहान मारून कसली ड्युटी करायची?

तेव्हा आयोजकांनो, स्वयंसेवकांच्या अर्जात एक रकाना वाढवा : कोणती सोय लागेल? आणि मैदान ठरवायला जाल तेव्हा खिशात मोजपट्टी असू द्या. स्वच्छतागृहाचं दार 90 सेंटिमीटर भरलं, तर पुढचं बोलू.

नमस्कार.