रंकाळ्याचं पाणी निळं नसतं

नमस्कार मंडळी! आज चित्राच्या गप्पा आणि त्याही रेडिओवर, म्हणजे दाखवता काहीच येणार नाही, तेव्हा कान इकडे द्या आणि डोळ्यासमोर कोल्हापूरचा रंकाळा तलाव आणा. हिवाळ्यातली सकाळ, वारा पडलेला, फिरायला येणारी माणसं नुकती दिसायला लागलीत आणि पाण्यात उभा तो दगडी संध्यामठ. हे कॅनव्हासवर ॲक्रिलिकनं करायचंय.

संध्यामठच का, तर कोल्हापुरात ज्यानं म्हणून ब्रश धरला त्याला तो चुकत नाही. आबालाल रहिमान यांनीही तो रंगवलाय, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. 1922 मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली ढीगभर चित्रं याच रंकाळ्यात बुडवली असं जुनी माणसं सांगतात. त्यांच्याकडे ॲक्रिलिक नव्हतं बरं का, ते वारले 1931 ला आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक कलर चित्रकारांना मिळायला लागले 1950 च्या दशकात. म्हणजे आपल्याकडे सोय जास्त, आता हात तसा कुठून आणायचा ते विचारू नका.

तर पहिलं काम, निळी ट्यूब जरा लांब ठेवा. तलाव म्हटलं की आपण खाली निळा पट्टा मारून मोकळे होतो, भिंतीला डिस्टेंपर दिल्यासारखा, आणि मग त्यावर पांढऱ्या लाटा. पण वारा पडलेल्या पाण्यात दिसतं काय तर वरचं आभाळ, मठाचा दगड, काठाची झाडं. आणि सगळीकडे सारखं दिसत नाही. अगदी पायाखाली सरळ वाकून बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत फेकतं, त्यामुळे तिथं तळाचा गाळ, शेवाळ, हिरवट मातकट रंग दिसतो. नजर जसजशी लांब जाईल तसं पाणी आरशासारखं होत जातं. त्यात पुन्हा गंमत अशी की लांबच्या पाण्यात क्षितिजाजवळचं फिकट आभाळ उतरतं आणि जवळच्या पाण्यात डोक्यावरचं गडद आभाळ. म्हणून आभाळ वर गडद, खाली फिकट, आणि पाणी बरोबर उलटं, वर फिकट आणि आपल्याकडे येताना गडद. एवढं जमलं ना, की निम्मं पाणी झालंच म्हणा.

आता घरी एक करून बघा. टेबलावर आरसा आडवा ठेवा, त्यावर पितळी तांब्या ठेवा आणि खुर्चीत बसून तिरकं बघा. खालच्या तांब्यात काठाखालची बाजू जास्त दिसते, पोटाचा खालचा गोलावा दिसतो, जो वरच्या तांब्यात तुम्हाला दिसतच नव्हता. म्हणजे प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं छापलेलं नाही. संध्यामठाच्या छताची खालची बाजू, खांबांमधला अंधार पाण्यात जास्त दिसणार. मग तोच तांब्या आरशाच्या मागं, टेबलावर सरकवा, प्रतिबिंब खालून कापलं जाईल. शालिनी पॅलेससारखी काठापासून आत असलेली इमारत पाण्यात अख्खी उतरत नाही ती त्यामुळेच, मधला काठ तिचा खालचा भाग खातो. मठ पाण्यातच उभा, त्यामुळे त्याचं प्रतिबिंब पायापासून सुरू.

आणि टोन. उजळ वस्तू पाण्यात जराशी गडद होते, गडद वस्तू जराशी उजळ. जराशीच हं. मठाचा दगड मी अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, आणि बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळून करते, काळी ट्यूब वापरतच नाही, आणि त्याच मिश्रणात थोडं आभाळ टाकलं की प्रतिबिंबाचा रंग तयार.

पण इथं ॲक्रिलिक त्रास देतं. ऑइलमध्ये दुपारभर घोळवत बसता येतं, हे पाणी उडालं की बसलं, आत प्लास्टिकचे बारीक कण असतात ते एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा पाण्यानं सुटत नाहीत. मे महिन्यात तर पॅलेटवरच कडक. त्यावर महागडं काही घ्यायला नको, स्टीलच्या ताटात ओला स्पंज किंवा फडकं पसरा, वर बटर पेपर आणि त्यावर रंग काढा, झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. अधूनमधून स्प्रेची बाटली मारायची. आणि आभाळाचा रंग भरपूर करून झाकणाच्या डबीत ठेवा, कारण तोच पाण्यालाही लागणार आणि नंतर पुन्हा जुळवायला गेलात तर जुळत नाही. ओला असताना फिकट दिसतो, वाळला की गडद, कारण त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं ते प्लास्टिक, ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं.

आता हात कसा चालवायचा. पाण्याचा भाग ओला करून आभाळाचा रंग आडवा पसरा, तो ओला आहे तोवर मठाचा रंग फ्लॅट ब्रशनं सरळ खाली ओढा, उभा, अगदी ओळंब्यात. लगेच ब्रश पुसून कोरडा करा आणि जेमतेम टेकवत आडवा फिरवा, एकदाच, फार तर दोनदा. कडा विरघळतात आणि दगड पाण्यात जातो. तिसऱ्यांदा फिरवलंत की चिखल. नाहीच जमलं तर वाळू द्या, कारण वाळल्यावर हेच ॲक्रिलिक गुणी होतं, त्यावर ग्लेझ देता येतो, ग्लेझिंग मीडियममध्ये रंग नावापुरता घालून पातळ थर. खालचं हलत नाही. असे थर चढले की पाण्याला जी खोली येते ती एका जाड थरात येत नाही, आणि नुसतं पाणी घालून पातळ करत सुटू नका, बाइंडर कमी पडतं आणि रंग धरत नाही.

उजेडाच्या रेघा सगळ्यात शेवटी. आडव्या, बारीक, तुटक, लांब दाट आणि जवळ विरळ, आणि कॅनव्हासच्या खालच्या कडेला समांतर म्हणजे समांतर, रेघ कलली की तलाव एका बाजूला सांडतो. हात थरथरत असेल तर मनगट काठीवर टेकवा. आणि या रेघा कमी मारा हो! दिसायला गोड दिसतात म्हणून माणूस मारत सुटतो, मग शांत पाण्याचा धबधबा होतो. त्यापेक्षा थोडं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, घाला, पुढं दोन-तीन चपटे पुंजके. खऱ्या रंकाळ्यात केंदाळानं वैताग आणलाय, पण चित्रात ते कामाचं, पाणी आडवं पसरलंय हे डोळ्याला त्यानं पटकन कळतं.

ब्रश मात्र काम चालू असताना पाण्यातच आडवे ठेवा, उभे ठेवले तर केस वाकतात, आणि पत्र्याच्या टोपीत रंग वाळला तर तो ब्रश गेला. संपल्यावर साबणानं धुवा. वार्निशची घाई नको, पातळ थर असले तरी आठवडाभर जाऊ द्या, मग मॅट घ्यायचं की ग्लॉस ते ठरवा. मी पाण्याला ग्लॉसच देते, गडद भाग उघडतो, पण चित्र खिडकीसमोर लावू नका, नुसती खिडकीच दिसेल. चला, वेळ संपली, नमस्कार.