आधी झाडू, मग हातोडा

लाकडी सांगाड्याच्या जुन्या कोठाराची दुरुस्ती काढली की स्वयंसेवक उत्साहानं येतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला काहीतरी ठोकायचं असतं आणि ठोकण्यासारखं काहीच नसतं. झाडू मारा, मोजमापं घ्या, प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, एवढंच. त्यांचे हात आवरणं हे सुतारकामापेक्षा अवघड आहे, असं माझं आता पक्कं मत झालंय.

इंग्लंडमध्ये हार्मंड्सवर्थला 1426-27 मध्ये बांधलेलं ओकचं कोठार आहे. जवळजवळ 58 मीटर लांब, आणि आजही बहुतेक लाकूड मूळचंच. लाकूड नुसतं वयानं मरत नाही, त्याला पाणी मारतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. म्हणून आधी छप्पर बघायचं, पायथ्याला साचलेली माती उपसायची आणि कुणीतरी प्रेमानं थापलेलं सिमेंट काढायचं. त्या सिमेंटमागे ओल कोंडते आणि खांबाचा पाय आतून भुसा होतो. वरून तो ठणठणीत दिसतो. टोच्या खुपसला की मुठीपर्यंत आत जातो.

मग जॅक. खचलेला खांब एका दमात उचलला तर कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची निमुळती टोकं, फाटतात. थोडं उचलायचं आणि थांबायचं, हवं तर उद्यापर्यंत. दांड्यावर एकच माणूस, बाकीचे सांध्यांपाशी कान देऊन. कुणीही ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, ‘का’ ते नंतर. पिढ्यान्‌पिढ्या कललेला सांगाडा त्या कलासकट बसलेला असतो. तो ओळंब्यात आणायचा हट्ट मी तरी धरत नाही. कुजलं तेवढंच कापायचं आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडायचा.

खुंट्यांची गंमत सांगतो. खाचेच्या भिंतींतलं भोक आणि कुसवातलं भोक जुन्या सुतारांनी मुद्दाम एका रेषेत पाडलेलं नसतं. कुसवातलं दोन-तीन मिलिमीटर कुसवाच्या मुळाकडे सरकवलेलं असतं. टोकाला निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकते आणि कुसू आत खेचून धरते. ओलं लाकूड पुढे वाळून आकसलं तरी सांधा ढिला होत नाही. मात्र हे ठाऊक नसलेला माणूस गिरमिट घेऊन येतो आणि ‘चुकलेलं’ भोक सरळ करून टाकतो.

आमच्याकडे भोकं वाचली, खुणा गेल्या. सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवत आणि प्रत्येक जोडीवर पटाशीनं रोमन आकडे कोरत; चारासाठी बहुधा चार उभ्या रेघा. आमच्यातल्या एका मेहनती मुलानं उतरवलेले दोन तिरपे आधार घासून लखलखीत केले. खूश होऊन दाखवायला आणले, आणि आकडे गायब! चूक माझीच, झाडू देताना खुणांबद्दल मी बोललोच नव्हतो. आता दिसायला दोन्ही आधार सारखेच, पण हातानं घडवलेला कुसू फक्त स्वतःच्याच खाचेत नीट बसतो.

अख्खा दिवस आम्ही ते दोन आधार एकेका खाचेपाशी नेत होतो. संध्याकाळी एक बसला. दुसरा बसेना. शेवटी त्याच मुलानं तो उलटा धरून बघितला.