धाग्याची परीक्षा

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत कामगार पाळीभर उभा असतो आणि तुटलेला धागा सांधण्यासाठी एका मागाकडून दुसऱ्या मागाकडे फिरत राहतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तळपायांत जळजळ सुरू होते, मुंग्या येतात आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. उभ्याच्या कामाला दोष दिला जातो. परंतु महिनोन् महिने टिकणाऱ्या अशा वेदनेमागे बऱ्याचदा नसांचा विकार असतो, आणि त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण मधुमेह आहे.

नसांची तपासणी करताना रुग्णाने डोळे मिटायचे असतात. डॉक्टरांच्या हातातील नायलॉनचा धागा, म्हणजे मोनोफिलामेंट, तळपायावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला जातो. वाकताना त्वचेवर १० ग्रॅमचा भार पडतो. स्पर्श जाणवला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचे. अंगठ्याखाली धागा वाकला, पण उत्तर आले नाही, तर तिथली संवेदना कमी झालेली असते. त्यानंतर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा, अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंप जाणवतो का, हे विचारले जाते. या तपासणीला काही मिनिटे पुरतात आणि वीजही लागत नाही. तरीही पुष्कळदा रुग्णाला चप्पल काढायला न लावताच गोळ्या लिहून दिल्या जातात.

रक्तातील साखरेबरोबर बी१२ जीवनसत्त्वही पाहावे लागते, कारण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. कमतरता असेल तर ती भरून काढणे हाच उपचार ठरतो. नसेल तर बी१२च्या इंजेक्शनांचा उपयोग फारसा होत नाही.

वेदनेसाठी प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी एक औषध कमी मात्रेने सुरू करतात. यांतील काही फिट्स किंवा नैराश्यावरही दिली जातात, हे ऐकून रुग्ण बिचकतो. परंतु नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. औषधाने गुंगी किंवा चक्कर येऊ शकते, त्यामुळे चालू मागापाशी उभे राहणाऱ्याने आपले काम आणि पाळीची वेळ डॉक्टरांना आधीच सांगावी. वेदना निम्म्यावर आली, तरी तो चांगला परिणाम मानला जातो. ही औषधे नस दुरुस्त करत नाहीत. मिरचीतील कॅप्सेसिनचा लेप हाही एक पर्याय आहे.

बधिर पायाची जखम चिघळली, तर बोट किंवा पाऊल गमवावे लागू शकते. म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये, आणि पाय घालण्यापूर्वी चपलेत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे.